माशी शिंकते ती इथेच: शॉटगनमध्ये नेम डोळ्याचा, माप दस्त्याचं

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं पिस्तूल किंवा २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्निल कुसळेची रायफल टीव्हीवर बघितलेल्या माणसाच्या मनात नेमबाजीचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं. शरीर दगडासारखं, श्वास आवरलेला, साइट आणि लक्ष्य एका रेषेत, आणि मग चाप इतका हळू की तो सुटल्याचं स्वतःलाही कळू नये. मीही रायफलीवरूनच शॉटगनकडे आलो. ट्रॅपच्या, म्हणजे खंदकातून उडून दूर जाणाऱ्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या, पहिल्या दिवशी नळीच्या टोकावरची माशी (नेमाचा मणी) अगदी बिनचूक धरली, तबकडीखाली आणली, चाप ओढला. पंचवीसपैकी चार फुटल्या. त्यातली एक बहुधा कीव येऊन फुटली असावी.

शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या नेमबाजाने एवढंच विचारलं, "लहानपणी विटी-दांडू खेळलायस ना? विटी उडाली की बघायचास कुठे, विटीकडे की दांडूच्या टोकाकडे?"

हा लेख त्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर आहे. ट्रॅप किंवा स्कीट (तबकड्या समोरून आडव्या जातात तो प्रकार) नुकतं सुरू केलेल्यांसाठी, आणि "सगळं बरोबर करतोय तरी हुकतंच" म्हणणाऱ्यांसाठी.

माशी नक्की करते काय

शॉटगनच्या नळीवर एक पट्टी असते, तिला रिब म्हणतात. रिबच्या टोकावर एक मणी असतो, ती आपली माशी. बऱ्याच स्पर्धेच्या बंदुकांवर मध्यावर आणखी एक बारीक मणी असतो. रायफलीला असते तशी मागची साइट मात्र कुठेच नसते.

आता थोडं गणित. माशी साधारण ३ मिमी व्यासाची, आणि डोळ्यापासून सुमारे १ मीटरवर. ३५ मीटरवर ती १०५ मिमी रुंदीचा भाग झाकते. तबकडीचा व्यास ११० मिमी. म्हणजे माशी तबकडीवर "धरली" की तबकडी जवळपास नाहीशीच होते! जी वस्तू बघायची तीच झाकणाऱ्या खुणेने नेम कसा धरणार?

दुसरं, डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. मीटरभरावरची माशी स्पष्ट दिसत असेल तर तबकडी धूसर होणार, आणि नजर तबकडीवरून माशीवर आली की हातही थबकतात. हे मुद्दाम होत नाही, आपोआप होतं. समजा तबकडी सेकंदाला २० मीटर वेगाने आडवी चालली आहे. बंदूक सेकंदाचा फक्त विसावा भाग थांबली, तरी तबकडी एक मीटर पुढे गेलेली असते. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सगळ्यात अरुंद केलेल्या, नळीतून ३५-४० मीटरवर छर्ऱ्यांचा दाट घेर साधारण पाऊण मीटरचा. बाकी हिशोब तुम्हीच करा. "मागे मारलंस" हे वाक्य शॉटगन रेंजवर दिवसातून शंभरदा ऐकू येतं. त्यातल्या निम्म्या वेळा तरी माशी तिथेच शिंकलेली असते.

मग माशीकडे न बघता बंदूक नजर जाईल तिथे कशी जाते? त्याचं उत्तर नळीच्या टोकाला नाही, दस्त्याला आहे.

मागची साइट म्हणजे तुमचा डोळा

रायफलीची मागची साइट स्क्रू फिरवून हलवता येते. शॉटगनमध्ये तिची जागा डोळ्याने घेतली आहे, आणि डोळा कुठे बसणार हे गाल ठरवतो. गाल कुठे बसणार हे ठरवते दस्त्याची वरची कड, जिला रेंजवर सगळे कोम्ब म्हणतात. (झाडाच्या कोंबाशी संबंध नाही.) डोळा १ मिमी वर गेला की मारा १५ मीटरवर सुमारे १५ मिमी वर जातो, ३५ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर वर. डोळा डावीकडे सरकला की मारा डावीकडे. दिशा नेहमी तीच. हा एक नियम पाठ केला की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

इंग्लंडमध्ये बंदूक बसवून देणाऱ्यांकडे "ट्राय गन" नावाचा प्रकार असतो. तिच्या दस्त्याला बिजागऱ्या आणि स्क्रू असतात. लांबी, उंची, वाक सगळं फिरवून माप घ्यायचं आणि मग त्या मापाचा दस्ता अक्रोडाच्या लाकडातून घडवायचा. आपल्याला ते मिळेलच असं नाही. पण कागद, टेप आणि थोडा धीर एवढ्यावर ऐंशी टक्के काम घरी आणि रेंजवर होतं.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती प्रत्येक पायरीला लागू आहे. घरी सराव करताना बंदूक उघडा, दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. डमी काडतुसं घातलीत तरी नळी माणसाकडे किंवा खिडकीकडे नाही.

पायरी १: कोणता डोळा मालक?

हातात बंदूक घेण्याआधी हे. दोन्ही हात सरळ पुढे, तळव्यांमध्ये छोटी फट, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा. मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यापाशी येते तो मालक डोळा.

उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा उजवा डोळा मालक असेल तर पुढे चला. डावा निघाला तर मात्र थांबा, कारण बंदूक कितीही अंगासारखी बसवली तरी डावा डोळा नळीचं टोक स्वतःकडे ओढणार आणि मारा भरकटणार. उपाय तीन. नवखे असाल तर खांदाच बदला. पहिले दोन महिने अवघडल्यासारखं वाटतं, पुढे नाही. वर्षानुवर्षं उजव्या खांद्याने मारत असाल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक लावल्यावर डाव्या बुबुळासमोर येईल अशा जागी, अर्धपारदर्शक टेपचा नखाएवढा ठिपका लावा. एक डोळा मिटणं हा तिसरा उपाय, पण त्याने अंतर आणि वेग दोन्हीचा अंदाज कमी होतो. मी तो शेवटचा मानतो.

जाता जाता: चमचमणारी हिरवी-लाल फायबर माशी दुकानात फार छान दिसते. पण ती डोळा ओढून घेते, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. माझ्या मते ती नवख्यासाठी तोट्याची आहे.

पायरी २: आधी माउंट, मग माप

इथे बहुतेक जण घाई करतात. बंदूक खांद्याला लावण्याची कृती, म्हणजे माउंट, रोज वेगळी होत असेल तर कुठल्याही मापाला अर्थ नाही. सोमवारी घेतलेलं माप गुरुवारी खोटं ठरेल.

कृती साधी आहे. नजर लक्ष्यावर. पुढचा हात नळीला लक्ष्याकडे नेतो, मागचा हात दस्ता गालाकडे आणतो, खांदा किंचित पुढे येऊन दस्त्याला भेटतो. क्रम गाल, मग खांदा. आधी खांद्यावर दाबून मग मान वाकवून गाल खाली आणला की डोळा दर वेळी वेगळ्या उंचीवर बसतो. चेहरा बंदुकीकडे जात नाही, बंदूक चेहऱ्याकडे येते. आरशासमोर उभं राहून कुणाकडून तरी मोबाइलवर बाजूने चित्रण करून घ्या. मान कोंबडीसारखी पुढे जाताना दिसली की स्वतःलाच हसू येईल.

सरावासाठी एक स्वस्त युक्ती. एक छोटा टॉर्च, भोवती टेप गुंडाळून नळीच्या तोंडात घट्ट बसवा. खोलीत अंधार करा. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवर नजर ठेवा आणि बंदूक खांद्यापर्यंत आणताना उजेडाचा गोल त्या रेषेवरून ढळू देऊ नका. पहिल्या दिवशी तो गोल दारू प्यायल्यासारखा हिंडतो. रोज तीस माउंट, सावकाश, तीन आठवडे. काढल्यावर टॉर्च खरंच नळीबाहेर आला आहे हे बघायला विसरू नका. नळीत काही अडकलेलं असताना बार उडाला तर नळी फाटते.

पायरी ३: डोळे मिटून परीक्षा

तीन आठवड्यांनी भिंतीवर एक खूण करा. तिच्याकडे बघा, डोळे मिटा, माउंट करा, गाल नेहमीच्याच दाबाने टेकवा. आता डोळे उघडा आणि काहीही न हलवता बघा.

रिब दिसतच नाही, डोळ्यासमोर बंदूक उघडायचा खटका आडवा आलाय? कोम्ब खाली आहे, मारा खाली जाईल किंवा डोळा उघडा पाडायला तुम्ही मान उचलाल. रिबचा रस्ताच्या रस्ता दिसतोय, जणू टेकडीवरून खाली बघतोय? कोम्ब वर आहे, मारा वर जाईल. माशी रिबच्या डाव्या कडेला सरकलेली दिसली, तर तुमचा डोळा रिबच्या डावीकडे बसलाय.

मधला मणी असेल तर इथेच त्याची खरी नोकरी. ट्रॅपच्या बंदुकीत मधल्या मण्याच्या डोक्यावर पुढची माशी बसून इंग्रजी आठाचा आकडा दिसला तर बहुधा ठीक, कारण ट्रॅपची तबकडी वर चढत असते आणि बंदुकीने किंचित वर मारलेलं हवंच असतं. अशी बंदूक असली की तबकडी नळीच्या वर तरंगताना दिसते, झाकली जात नाही. स्कीटवाल्यांना साधारण सपाट रिब पसंत पडते.

हीच गोष्ट आरशात उलट बाजूने तपासता येते. रिकामी बंदूक आरशातल्या स्वतःच्या डोळ्यावर रोखा. रिबच्या बरोबर मधोमध वर बुबुळ दिसायला हवं. जुने कारागीर स्वतः नळीसमोर उभे राहून हे बघतात. तुम्ही कुणालाही तसं उभं करू नका.

पायरी ४: चार मापं, पण सारखी महत्त्वाची नव्हेत

*उंची.* सगळ्यात आधी ही, कारण डोळा तिच्यावर बसतो. बाकीच्या तीन मापांत थोडं इकडेतिकडे चालून जातं, इथे २ मिमीसुद्धा कळतात. आजकाल बऱ्याच ट्रॅप बंदुकांना वर-खाली होणारा कोम्ब असतो. नसेल तर कोम्बवर फोमची चिकटपट्टी किंवा कापडी टेपचे थर चढवा. एक थर, पंचवीस बार, मग दुसरा. सगळे थर एकदम चढवले की कुठल्या थराने काम केलं ते कळत नाही.

*लांबी.* चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत. "कोपरात दस्ता टेकव, बोट चापापर्यंत पोचलं की झालं" ही रेंजवरची आवडती चाचणी निव्वळ दंतकथा आहे. ती तुमच्या हाताची लांबी मोजते. मान, खांद्याची रुंदी आणि उभं राहण्याची ढब तिला कळत नाही. खरी खूण अशी: माउंट केल्यावर नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर. अंगठा नाकावर आदळत असेल तर दस्ता आखूड. वर आणताना काखेत अडकत असेल तर लांब. इटलीहून येणाऱ्या बंदुका साधारण ३७० मिमीच्या आसपास असतात, आणि आपल्याकडच्या पाच फूट पाच इंचाच्या माणसाला ते पुष्कळदा जास्त पडतं.

इथे कपड्यांचा हिशोब धरा. पुण्यात मे महिन्यात टी-शर्टवर घेतलेलं माप दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर जानेवारीच्या धुक्यात स्वेटर आणि जॅकेट घातल्यावर तेच राहत नाही. बंदूक सेंटिमीटरभर लांब झाल्यासारखी वागते. दस्त्याच्या टोकाच्या रबरी पॅडखाली पातळ चकत्या असतील तर एक काढून ठेवायची, परतल्यावर घालायची. वाढत्या वयाच्या मुलांसाठीही हाच मार्ग. आज दस्ता कापला तर दोन वर्षांनी तो जोडता येत नाही.

*कास्ट.* दस्ता बाजूला किती वाकवलेला आहे ते. उजव्या खांद्याच्या माणसासाठी उजवीकडे, डावखुऱ्यासाठी डावीकडे. भरलेल्या गालाच्या आणि रुंद खांद्यांच्या माणसाला जास्त कास्ट लागतो. डावखुऱ्यांनी उजव्या बंदुकीवर "जमवून घेऊ" म्हणू नये. त्यांचा डोळा रिबपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांबरोबर कास्ट बदलायच्या पातळ चकत्या पेटीतच येतात आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात. पेटी उघडून बघा.

*पिच.* दस्त्याच्या टोकाचा नळीशी असलेला कोन. यावर लोक फार बोलतात. तुम्ही फक्त एवढं बघा की पॅड वरपासून खालपर्यंत सारखा टेकतो का. खालचं टोकच छातीत रुतत असेल, किंवा बार उडाल्यावर दस्ता खांद्यावरून घसरत असेल, तर कोन चुकलाय. स्त्री नेमबाजांना हे हमखास जाणवतं, आणि त्यांना "धक्का सहन करायला शिक" असा सल्ला देणारे भेटतात. सहन काय करायचं? कोन बदला, खालचं टोक थोडं बाहेर वळवून घ्या.

पायरी ५: कागद खोटं बोलत नाही

रेंज अधिकाऱ्याला विचारून, पॅटर्नसाठी, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा तपासण्यासाठी, ठेवलेल्या जागीच हे करा. मीटरभर रुंद-उंच पांढरा कागद, मध्ये हाताच्या पंजाएवढा काळा ठिपका. अंतर मोजून १५ मीटर. त्यातल्या त्यात घट्ट चोक.

बंदूक खाली. ठिपक्याकडे बघा, माउंट करा आणि गाल टेकताक्षणी मारा. नेम धरायचा नाही. माशी बघून दुरुस्ती केलीत तर परीक्षेत स्वतःच कॉपी केल्यासारखं होईल. एकाच कागदावर सहा ते आठ बार. घाई वाटली तर मध्ये बसा, पाणी प्या. मग छर्ऱ्यांच्या गर्दीचा मध्य शोधा आणि ठिपक्यापासून मोजा.

मघाचा नियम इथे कामाला येतो: १५ मीटरवर १५ मिमीची चूक म्हणजे दस्त्यात १ मिमीचा बदल. मध्य ६० मिमी डावीकडे आणि ३० मिमी खाली आला? उजव्या खांद्याचे असाल तर डोळा ४ मिमी उजवीकडे न्यायचा आहे, म्हणजे कास्ट वाढवा किंवा कोम्बची गालाकडची बाजू पातळ करा. आणि कोम्ब २ मिमी वर. ट्रॅपसाठी मध्य ठिपक्याच्या थोडा वर ठेवायचा असेल तर त्यात एखाद-दोन मिमी अधिक.

एक पडताळणी राहिली. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, रिब आणि माशी नीट धरून दोन बार टाका. तरीही मारा बाजूला जात असेल तर दोष नळ्यांच्या जुळणीत आहे. मग दस्ता खरवडत बसू नका, परवाना असलेल्या कारागिराकडे जा. आणि बार विखुरलेले असतील, एक इथे एक तिथे, तर मापाचा प्रश्नच नाही. पायरी २ वर परत.

पायरी ६: टेपवर महिना काढा

कागदावर जमलं की लगेच लाकडाला हात लावायचा मोह होतो. नको. टेप आणि चकत्यांवरच निदान पाचशे तबकड्या मारा. नवं माप पहिल्या दिवशी परकं वाटतं, कारण जुन्या मापासाठी तुम्ही मान, खांदा आणि पाठ वाकवायला शिकलेले असता. ती सवय सुटायला वेळ लागतो. गालावर निळा डाग येत असेल तर तो शौर्याचा नाही, कोम्ब गालात घुसतोय त्याचा आहे. गाल मुद्दाम जोरात दाबून डोळा खाली आणायची सवय लागली असेल तर तीही इथेच पकडा. सकाळी जोर असतो, शंभराव्या तबकडीला मान थकते, दाब कमी होतो, आणि मारा वर सरकतो.

सगळं ठरल्यावर चारही आकडे वहीत लिहा, कपडे आणि काडतुसासकट. मग कारागिराकडे.

पायरी ७: उरलेली माशी

माशी काढून टाकायची का? काही चांगले नेमबाज काढतात. मी ठेवतो, पण तिचं काम "पुल" (तबकडी सोडायची हाक) म्हणण्याआधीच संपतं. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहता येतं, त्यामुळे दोन्ही मणी एकदा बघून घ्यायचे: आठ जुळला, गाल बसला. मग नजर नळीवरून उचलून पुढे, खंदकाच्या वरच्या मोकळ्या हवेत, आणि हाक. तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने सुटते. तिच्या रंगाची रेघ दिसली की डोळा तिच्यावर चिकटवायचा आणि फुटेपर्यंत सोडायचा नाही. तिच्या कडेची वलयं दिसली पाहिजेत, असं मी शिकणाऱ्यांना सांगतो. नळी कुठेतरी खाली धुरासारखी जाणवते, तेवढी पुरे.

ऑलिंपिक स्कीटमध्ये ही चैनही नाही. बंदूक जॅकेटवरच्या पट्टीपाशी खाली धरून हाक द्यायची, आणि तबकडी लगेच येईल की तीन सेकंदांनी, हे यंत्र ठरवतं. मणी जुळवायला वेळच नसतो. म्हणून दस्ता बसला आहे की नाही हे स्कीटच्या मैदानावर सगळ्यात आधी उघडं पडतं. ट्रॅपवाल्यांनीही महिन्यातून एकदा बंदूक खाली ठेवून पंचवीस तबकड्या मारून बघाव्यात.

नजर अजूनही माशीवर घसरत असेल तर तिच्यावर काळ्या टेपचा तुकडा लावून एक फेरी मारा. पहिल्या पाच तबकड्यांना हात गांगरतात. सहाव्यापासून काय होतं ते वहीत लिहून ठेवा, आणि टेप काढायचा की नाही ते त्या आकड्यावरून ठरवा. माझ्या बंदुकीवर तो अजून आहे.